लेम्नॉसची शिक्क्याची माती

लेम्नॉस हे एजियन समुद्राच्या उत्तर भागातले ग्रीक बेट. तिथल्या एका टेकडीची तांबूस माती रोमन काळापासून ऑटोमन राजवटीपर्यंत औषध म्हणून दूरदूर जात असे. तिच्या लहान चकत्यांवर शिक्का असे, म्हणून युरोपात तिला ‘टेरा सिगिलाटा’, शिक्क्याची माती, म्हणत. चिघळलेल्या जखमांवर तिचा लेप लावत. विषबाधा, सर्पदंश आणि आव यांवर ती द्रवात कालवून पोटात देत.

दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन ही माती पाहण्यासाठी मुद्दाम बेटावर गेला. तीत बोकडाचे रक्त मिसळतात, असे त्याच्या आधीचा ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज याने लिहून ठेवले होते. गॅलनने याची चौकशी केली तेव्हा तिथले लोक हसले. त्याने पाहिलेली रीत वेगळीच होती. देवी आर्टेमिसची पुजारीण टेकडीवर गहू आणि जव वाहून गाडीभर माती शहरात नेई. ती पाण्यात ढवळून निवळू देत. वरचे पाणी काढून टाकत, तळाशी बसलेले खडे आणि वाळू सोडून देत आणि मधला स्निग्ध थर तेवढा घेत. तो मेणाइतका घट्ट झाला की चकत्या करून शिक्का उमटवत आणि सावलीत वाळवत. गॅलनने अशा २०,००० चकत्या बरोबर नेल्या. पूजाविधीत सामावलेली ही चोख शुद्धीकरणाची पद्धत होती आणि शिक्का ही तिची हमी.

तो मधला स्निग्ध थर म्हणजे चिकणमाती. तिचे कण अतिसूक्ष्म आणि पापुद्र्यांचे असतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि त्यावर तेल, काही विषे आणि जंतूंचे स्राव चिकटून राहतात. मुलतानी माती चेहऱ्यावरचा तेलकटपणा ओढून घेते तीही याच गुणामुळे. टिटिकाका सरोवराच्या परिसरात कडवट बटाटे पातळ मातीत बुडवून खातात. बटाट्यातली विषारी द्रव्ये मातीला चिकटतात आणि ते पोटाला बाधत नाहीत.

ऑटोमन काळात लेम्नॉसची माती वर्षातून एकदाच, ६ ऑगस्टला, खणत आणि शिक्क्यावर अरबी अक्षरे असत. मागणी इतकी होती की सोळाव्या शतकात सायलेशियातल्या मातीवरही शिक्के उमटू लागले. १५८१ मध्ये जर्मनीतल्या होहेनलोहे इथे देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला पाऱ्याचे विष देऊन लगेच शिक्क्याची माती पाजली आणि तो वाचला. माणसाच्या जिवावर केलेली ही चाचणी क्रूरच म्हणायला हवी, पण तिने मातीची कीर्ती वाढवली.

युनानी वैद्यकातून ‘गिल-ए-मख्तूम’ या नावाने ही माती भारतीय हकिमांनाही परिचित झाली. माती खाणे इथे नवे नव्हतेच. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त गरोदर सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागतात. चरकसंहिता मात्र कडक इशारा देते. पांडुरोगाच्या, म्हणजे रक्तक्षयासारख्या विकाराच्या, पाच प्रकारांतला एक तिने माती खाण्यामुळे होणारा म्हणून स्वतंत्र सांगितला आहे: माती न पचताच शरीरातली स्रोतसे, म्हणजे वाहिन्या, भरते आणि अडवते. अन्नातले लोह मातीला चिकटून वाया जाऊ शकते, हे आजचे निरीक्षण त्या इशाऱ्याशी जुळते. शिवाय न भाजलेल्या मातीतून जंतांची अंडी, तर भाजलेल्या मातीतूनही शिसे पोटात जाण्याचा धोका असतो.

तरीही विसाव्या शतकात केओलिन ही पांढरी माती पेक्टिनबरोबर जुलाबाच्या औषधात आली आणि बाटलीतून दुकानांत विकली जाऊ लागली.