४०० सीसीची मिडलवेट बाईक मुंबईत घ्यावी का? स्पेक शीट वाचण्याआधी हे वाचा

गेल्या दोन-तीन वर्षांत ४०० सीसीच्या आसपासच्या बाईक्सची आपल्याकडे रांगच लागली आहे. जुलै २०२३ मध्ये हार्ले-डेव्हिडसन एक्स ४४० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० एकाच आठवड्यात आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी केटीएम ३९० ड्यूक आली, मे २०२४ मध्ये बजाज पल्सर एनएस ४०० झेड, जुलै २०२४ मध्ये रॉयल एनफील्ड गुरिल्ला ४५०. यातल्या ट्रायम्फ, केटीएम आणि पल्सर या तिन्ही आपल्या चाकणला बनतात. या सगळ्यांना स्ट्रीट किंवा नेकेड बाईक म्हणतात, म्हणजे पुढे फेअरिंगचं कवच नाही, इंजिन उघडं दिसतं आणि बसायला बऱ्यापैकी सरळ.

मी डिलाईल रोडला राहतो (पत्त्यावर ना. म. जोशी मार्ग लिहितो, पण रिक्रूटरपासून डिलिव्हरीवाल्यापर्यंत कुणालाही डिलाईल रोडच सांगावं लागतं) आणि नोकरी सॉफ्टवेअरची. इंजिनियरिंगची डिग्री आहे म्हटल्यावर बिल्डिंगमधली पोरं बाईकचा सल्लाही मलाच विचारतात. त्या सगळ्यांना जे सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो. मुद्दा एकच आहे. फोन घेताना नुसते मेगापिक्सेल बघून भुलायचं आपण बंद केलं, पण बाईक घेताना अजून पीएसचा आकडा बघूनच बुकिंग करतो. शहरात चालवणाऱ्यासाठी तो आकडा स्पेक शीटमधला सगळ्यात कमी कामाचा आहे.

हे '४००' आलं कुठून?

आधी नावाचा घोळ. युरोप-अमेरिकेत मिडलवेट म्हटलं की ६०० ते ९०० सीसीची गाडी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे साधारण २५० ते ७५० सीसीला मिडलवेट म्हणतात. त्यातल्या ३५० ते ४५० या पट्ट्यात सध्या खरी मारामारी आहे.

गंमत म्हणजे ४०० हा आकडा इंजिनियरने ठरवलेला नाही. जपानमध्ये मधल्या लायसन्सची मर्यादा ४०० सीसी आहे. युरोपात तरुणांना मिळणाऱ्या ए२ लायसन्सवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणजे सुमारे ४७.६ पीएस. आता ३९० ड्यूकची पॉवर बघा, ४६ पीएस. बरोब्बर रेषेच्या आत. आपल्याकडे अशी पायरीच नाही. १८ वर्षं पूर्ण झाली, गिअरवाल्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की त्याच कार्डावर १०० सीसीही चालते आणि १००० सीसीही. त्यामुळे आपला मुलगा स्कूटीवरून थेट या वर्गात येतो. ही गोष्ट कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते.

आपली रेषा ३५० ची

आपल्या सरकारने रेषा ओढली ती लायसन्सवर नाही, खिशावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याच्या वर ४० टक्के. आधी हे आकडे २८ आणि, सेस धरून, ३१ होते. म्हणजे पूर्वी रेषेच्या अलीकडे-पलीकडे ३ टक्क्यांचा फरक होता, तो एका रात्रीत २२ टक्के झाला. समजा कराआधी दोन गाड्यांची किंमत सारखीच, १ लाख ८० हजार आहे. एक ३४९ सीसी, दुसरी ३७३. पहिलीवर कर ३२,४०० रुपये, दुसरीवर ७२,०००. चाळीस हजारांना चारशे कमी, एवढा फरक फक्त २४ सीसीपायी! काही कंपन्यांनी सुरुवातीला ही वाढ स्वतःच्या अंगावर घेतली, पण ती कायम घेतील या भरवशावर राहू नका. शोरूममध्ये त्या दिवसाचं कोटेशन कागदावर घ्या.

विम्यातही तीच रेषा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, वर जीएसटी वेगळा. दुप्पटच म्हणा ना.

पीएस आणि टॉर्क: कॅल्क्युलेटर काढा

टॉर्क म्हणजे इंजिन एका झटक्यात किती जोराने पिळतं ते, आणि पॉवर म्हणजे तो पीळ ते मिनिटाला किती वेळा देऊ शकतं त्याचा हिशेब. फोनवर करून बघता येईल असं गणित आहे: टॉर्कचा आकडा गुणिले आरपीएम भागिले ७०२३, उत्तर पीएसमध्ये.

३९० ड्यूकचा टॉर्क ३९ न्यूटन मीटर, ६५०० आरपीएमला. उत्तर येतं ३६ पीएस. मग जाहिरातीतले ४६ कुठे आहेत? ते ८५०० आरपीएमला. आता हार्ले एक्स ४४० घ्या. जाहिरातीत जेमतेम २७ बीएचपी, पोरं हसतात. पण टॉर्क ३८ न्यूटन मीटर आहे आणि तो ४००० लाच मिळतो, म्हणजे तिथेच साडेएकवीस पीएस हातात. गुरिल्लाचा टॉर्क ४० न्यूटन मीटर, ५५०० ला. २०२४ मध्ये आलेल्या एनएस ४०० झेडचा ३५, ६५०० ला.

आता स्वतःला विचारा, तुमची गाडी दिवसातून किती वेळ ८५०० ला जाते? आमच्या डिलाईल पुलाचंच बघा. हा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण उघडायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद केला, तेव्हा तिकडच्या गर्दीतलाही वाटा आमच्याकडे आणि करी रोडच्या पुलावर आला. संध्याकाळी सातला लोअर परळची ऑफिसं सुटली की पुलाच्या चढावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, २५००-३००० आरपीएमला असता. पुढची टॅक्सी तीन फूट सरकते, तुम्हीही तीन फूट सरकता. तिथे गाडीने मान टाकता कामा नये, एवढीच अपेक्षा असते. आपण ज्याला 'पिकअप' म्हणतो तो हाच, खालच्या आरपीएमचा टॉर्क. त्यामुळे जास्तीत जास्त टॉर्क किती याच्याइतकंच तो कितीला मिळतो, हेही बघा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ट्रायम्फनेच देऊन ठेवलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्पीड टी ४ आणली. इंजिन तेच, ३९८ सीसी. स्पीड ४०० मध्ये त्यातून ८००० आरपीएमला ४० पीएस निघतात आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क ६५०० ला. टी ४ मध्ये पॉवर उतरवून ३१ पीएस केली, ती ७००० ला, आणि ३६ न्यूटन मीटर टॉर्क खाली ५००० ला आणला. नऊ पीएस गेले म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर शहरासाठी दोघींत टी ४ जास्त शहाणी आहे. हायवेला मात्र स्पीड ४०० पुढे निघून जाते, शिवाय टी ४ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नाही.

मग ४६ पीएस वापरायचे कुठे?

मुंबईत हा प्रश्न गंभीर आहे. वांद्रे-वरळी सी लिंकवर दुचाकीला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. जे. जे. उड्डाणपुलावर बंदी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही बंदी, तुम्हाला जुन्या हायवेनेच जायचं आहे. म्हणजे शहरातले आणि शहराबाहेर नेणारे जे वेगाचे रस्ते, नेमके तेच तुमच्या वेगवान गाडीला बंद. उरतात सिग्नल, पेव्हर ब्लॉक, पुलांच्या लोखंडी जोडपट्ट्या आणि पावसात हिंदमाता.

रविवारी पहाटे माळशेज किंवा जुन्या हायवेने लोणावळा करणारे असाल तर गोष्ट वेगळी. ड्यूक १६८ किलोची आहे, म्हणजे टनामागे २७० च्या वर पीएस. १८५ किलोच्या गुरिल्लाला साधारण २१५. घाटात हा फरक जाणवतो आणि मजाही येते, खोटं कशाला बोलू.

वजन, उष्णता आणि चाळीचा बोळ

स्पेक शीटमध्ये कर्ब वेट असतं, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट वजन. चालवताना १७६ आणि १९० किलोत फारसा फरक कळत नाही. कळतो तो रात्री साडेअकराला, दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ओढताना. आमच्याकडे पार्किंग म्हणजे दोन बिल्डिंगमधली फट. बुकिंगआधी गाडी बंद ठेवून हाताने दहा फूट मागे ढकलून बघा. सेल्समन विचित्र नजरेने बघेल, बघू दे. सीटची उंचीही तेव्हाच कळते: गुरिल्लाची ७८० मिलिमीटर.

आणखी एक, यातल्या बहुतेक गाड्यांना डबल स्टँड येत नाही. मागचं चाक उचलल्याशिवाय चेनला नीट ल्युब मारता येत नाही आणि पावसाळ्यात चेन दर आठवड्याला मागते. वेगळा पॅडॉक स्टँड घ्यावा लागतो, मग तो ठेवायला जागा लागते, आणि घर दहा बाय बाराचं.

उष्णतेबद्दल. लिक्विड कूल्ड इंजिन जास्त पॉवर देतं, पण ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायांवर येते. हे बिघाडाचं लक्षण नाही, ती उष्णता कुठेतरी जायलाच हवी. मे महिन्यात मात्र फॉर्मल पँटमधून चटका बसतो. टेस्ट राइड सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. दुपारी बाराला घ्या, निदान वीस मिनिटं, आणि मुद्दाम सिग्नल असलेल्या रस्त्याने. एका शोरूममध्ये मला 'राउंड मारून या' म्हणून तीन मिनिटांत गाडी परत मागितली. तिथून मी निघून आलो.

इलेक्ट्रॉनिक्स आणि तुमचा फोन

इथे मात्र पैसे वाचवू नका. ड्युअल चॅनल एबीएस म्हणजे दोन्ही चाकं लॉक होण्यापासून वाचतात. पावसात रंगवलेल्या झेब्रा पट्ट्यांवर ब्रेक दाबलात की त्याची किंमत कळते. ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक जागच्या जागी फिरू देत नाही. ड्यूकमध्ये कॉर्नरिंग एबीएसही आहे, वळणावर झुकलेले असताना ब्रेक लागला तरी तो हिशेब सांभाळतो. स्लिप-असिस्ट क्लच नाव भारी असलं तरी रोजचा फायदा साधा आहे: लिव्हर हलका होतो, पुलावर अर्धा तास काढून डावा पंजा दुखत नाही.

गुरिल्लाच्या वरच्या मॉडेल्समध्ये गोल स्क्रीनवर पूर्ण गूगल मॅप दिसतो. छान आहे, पण नकाशा तुमचाच फोन पाठवतो, डेटा आणि बॅटरी त्याचीच जाते. स्पीड ४०० ला काट्याचा स्पीडोमीटर आणि टाइप-सी चार्जिंग पोर्ट. नकाशासाठी फोन हँडलला लावणार असाल तर सावध. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच जाहीर केलं की ताकदवान मोटरसायकल इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतो. लेन्स हलवणारी तशीच यंत्रणा अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असते. वर सांगितलेल्या सगळ्या गाड्या एका सिलिंडरच्या, म्हणजे कंपनं आलीच. रबराचा डॅम्पर असलेला माउंट घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून कानात एका बाजूला ब्लूटूथवरून रस्ता ऐका.

मग कुठली?

आमच्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या तेवीस वर्षांच्या मुलाची केस सांगतो. पहिली नोकरी, हातात बत्तीस हजार, डोक्यात ड्यूक. अडीच लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, तीन वर्षं धरली तर हप्ता सुमारे ८,०७० रुपये. महिन्याला ५०० किलोमीटर आणि ट्रॅफिकमधलं ॲव्हरेज २५ धरलं तर २० लीटर पेट्रोल, म्हणजे आणखी दोन हजारांच्या वर. पगाराचा तिसरा हिस्सा गाडीत. वडील निवृत्तीला आलेले. हेल्मेटचं बजेट विचारलं तर म्हणाला, 'डीलर फ्री देतो ना दादा.'

त्याला मी टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० चालवून बघायला सांगितली. ३१२ सीसी, ३५.६ पीएस, १६९ किलो, आणि कराच्या रेषेच्या अलीकडची. तिचा २८.७ न्यूटन मीटर टॉर्क ६६५० ला येतो, त्यामुळे पुलाच्या चढावर ती टी ४ इतकी निवांत नाही, हेही सांगितलं. शांत चालवणाऱ्याला २७ न्यूटन मीटरची हंटर ३५० सुद्धा पुरते, फक्त १८१ किलो ढकलायची तयारी हवी. रेषेच्या पलीकडे जायचंच असेल आणि रोज शहरातच फिरायचं असेल तर माझं मत टी ४ ला, महिन्यातून दोनदा घाट करणार असाल तर स्पीड ४०० किंवा गुरिल्ला. गुरिल्लाची टाकी ११ लीटरचीच आहे, एवढं लक्षात ठेवा. ड्यूक दुसरी गाडी म्हणून घ्या, दोन वर्षं हात बसल्यावर.

जे पैसे वाचतील त्यातून आधी आयएसआय मार्कचं चांगलं फुल फेस हेल्मेट, मग हातमोजे आणि जॅकेट. हेल्मेट ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन दहा मिनिटं डोक्यावर ठेवून बघा. कपाळावर एका जागी दुखलं तर साइज किंवा आकार चुकीचा आहे, आणि गाल हलके दाबले जात असतील तर बरोबर.