तुळशीचे बी आणि वसईचा इतिहास

वसई म्हटली की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला आणि 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. हा इतिहास आपणांस पाठ आहे. परंतु बागायतीच्या मुलखाला तटबंदीहून नाजूक असा दुसराही वारसा असतो, तो बियांचा. आम्ही येथे तुळशीच्या बियांपुरताच त्याचा विचार करणार आहोत.

बी राखणे हे राज्यकर्त्यांच्या लेखी क्षुल्लक काम होते, असे मात्र नव्हे. धान्यांबरोबर फुले, फळे, भाज्या यांचेही बी सीताध्यक्षाने, म्हणजे शेतीवरील अधिकाऱ्याने, वेळच्या वेळी गोळा करावे, असे कौटिल्य सांगतो. औषधी वनस्पती योग्य जमिनीत, तशाच भांड्यांतही लावाव्यात, हेही त्याने सांगून ठेवले आहे. पुढे 1563 मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील ग्रंथ गोव्यात छापला गेला. वसईच्या अमलाखालील मुंबई बेट याच ओर्ताकडे खंडाने होते. 1567 मध्ये ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला व ही माहिती युरोपात पसरली. माहिती अशी ग्रंथात टिकते. बी मात्र जिवंत असते; ते काही वर्षांत पेरले नाही तर मरते.

तुळशीचे झाडही काही वर्षांतच जून होते. एरवी पाने फुटावीत म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. बी धरायचे तर निरोगी झाडावरच्या काही राखाव्या लागतात. मंजिरी खालून वर पिकत जाते. शेंडा हिरवा असतानाच खालचे बी गळू लागते, म्हणून बराचसा भाग तपकिरी होताच, दव सुकल्यावर ती काढावी. सावलीत फडक्यावर वाळवून तळहातावर चोळावी व हलकेच पाखडावी. एकेका बोंडात फार तर चार बारीक दाणे निघतात. समुद्र आणि खाडी यांच्या दमट हवेत खरी वैरीण ओल. बियांतील ओल एका टक्क्याने घटली की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे. कोरड्या राखेत बी ठेवण्याच्या जुन्या रीतीतले शहाणपण यावरून ध्यानात येईल. राख घातलेली घट्ट बुचाची बाटली आजही पुरते.

2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्या आटल्या, इमारती वाढल्या, आणि तुळशीचे रोपही आता पुष्कळ घरांत विकतच येते. पडलेला तट पुन्हा बांधता येईल. घरचे बी एकदा तुटले की ते पैशाने परत मिळत नाही. मात्र त्यासाठी वाडीच हवी असे नाही. कौटिल्याला भांडे चालले, तर आपल्याला गॅलरीतली कुंडी का चालू नये? येत्या कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की दोन मंजिऱ्या बियाला राखाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.