सावित्रीचे पाणी आणि चवदार तळे

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. उगमापाशी पंचगंगेच्या मंदिरात हे पाणी ‘तीर्थ’ म्हणून ओंजळीत घेतात. तेच पाणी डोंगर उतरून गावात आले की त्याला जात चिकटते!

वाहत्या पाण्याला कुंपण घालता येत नाही. म्हणून जातिव्यवस्थेने गावोगावी प्रवाहाचीच वाटणी केली. वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा, खालच्या अंगाचा अस्पृश्यांचा. आणि जिथे पाणी साठते, त्या विहिरी आणि तळी सरळ बंद! सह्याद्रीत पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात ओढे, वहाळ आटतात. तेव्हा साठलेले पाणी ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात गाव.

कुणी विचारील, महाडला नदी होती, मग तळ्याचाच आग्रह कशाला? मित्रांनो, या प्रश्नातच मनुवाद लपलेला आहे. लढा तहानेचा नव्हता, समान माणूसपणाचा होता. मुंबई कायदे मंडळात बोले ठराव 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेऊन तो कागद जिवंत केला. सनातन्यांनी सत्याग्रहींवर हल्ले केले, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. सावित्रीच्या खाडीने त्यांना वाहून आणले, जात विचारली नाही. महाडच्या तळ्यावर मात्र कोर्टाची मनाई उभी होती. 25 डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्याचा खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात आपण जिंकलो.

आज पाणी नळातून येते. पण पाइपलाइन आधी कुठल्या आळीत जाते? आपली वस्ती शेवटच्या टोकालाच का? पाणीपुरवठा समितीत आपले कोण बसते? हे खालच्या अंगाच्या पाणवठ्याचेच नवे रूप आहे. 20 मार्चला महाडला जरूर जा, अभिवादन करा. पण परत आल्यावर ग्रामसभेत उभे राहून हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. नगरपालिकेचा ठराव कागदावरच राहिला तर काय होते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे.

जय भीम!