जोतिबा डोंगरावर रेंज फुल, तरी फोन का लागत नाही? टॉवरच्या रेडिएशनचं खरं काय?

वाडी रत्नागिरी (ता. पन्हाळा) : चैत्र यात्रेला जोतिबा डोंगरावर लाखो भाविक येतात. सासनकाठ्यांच्या गर्दीत माणसं चुकतात आणि नेमका तेव्हाच फोन लागत नाही.

रेंज फुल, मग अडतं कुठं?
स्क्रीनवरच्या काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही. एक टॉवर एका वेळी ठरावीकच फोन सांभाळतो. त्यामुळे यात्रेत व्हिडिओ कॉलऐवजी साधा मेसेज पाठवावा. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते आधीच ठरवावं. अडचणीत ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या टॉवरवरून तो लागू शकतो.

डोंगराआड रेंज का जाते?
मोबाईलच्या लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत. टॉवर डोंगरापलीकडं असेल तर अलीकडच्या वस्तीत रेंज तुटते.

टॉवर धोक्याचा का?
१ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०११ मध्ये या लहरी ‘२ब’ गटात टाकल्या. म्हणजे कॅन्सरची शक्यता पूर्ण नाकारली नाही, पण पुरावा मर्यादित. २०२४ मध्ये संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध आढळला नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो आणि तो फोन आपल्या कानालाच असतो. म्हणून टॉवर लांब गेला की रेडिएशन कमीच होईल, असं नाही.

काय करावं?
• रेंज कमी असेल तिथं स्पीकर किंवा इअरफोन वापरावा, बोलणं थोडक्यात आटपावं.
• स्टार हॅश ०७ हॅश डायल केल्यावर बहुतेक फोनमध्ये ‘सार’ आकडा दिसतो. भारतात मर्यादा प्रतिकिलो १.६ वॅट आहे.
• रेंजची तक्रार १९८ वर करून नंबर लिहून घ्यावा. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील विभागाकडं जावं.
• टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते.

सावधान : ‘शेतात टॉवर बसवतो, आधी पैसे भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नये. ट्राय टॉवरसाठी ना-हरकत दाखला देत नाही, फीही घेत नाही.