लोडिंग कॉइल
टेलिफोनच्या लांब तारमार्गावर ठरावीक अंतराने जोडलेले, बोलण्याचे क्षीणन व विकृती कमी करणारे प्रवर्तक वेटोळे. केबलमधील तारा अगदी लगत असल्याने धारकता मोठी व प्रवर्तकता नगण्य असते, त्यामुळे उच्च कंप्रता अधिक क्षीण होतात, आवाज दबका होतो आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात (पहा : क्षीणन, केबल). मार्गाची प्रवर्तकता वाढवल्यास ही विकृती घटते, हे ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवले. ब्रिटिश डाक खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांचा त्याला विरोध होता. पुढे अमेरिकेत मायकेल प्यूपिन व जॉर्ज कॅम्बेल यांनी वेटोळ्यांमधील अंतराचा नियम स्वतंत्रपणे शोधला; पेटंट प्यूपिन यांना १९०० मध्ये मिळाले, पण सिद्धांताचे श्रेय हेविसाइड यांचेच.

एका तरंगलांबीत अनेक वेटोळी यावी लागतात. ती विरळ असल्यास तरंग परावर्तित होतात. प्रचलित मांडणीत दर ६,००० फुटांवर (सुमारे १.८ किमी.) ८८ मिलिहेन्रीचे वेटोळे असते. बोलण्याच्या पट्ट्यात, सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंत, क्षीणन कमी व जवळजवळ समान राहते. त्याहून वरच्या कंप्रता मात्र झपाट्याने अडतात. म्हणूनच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देताना ही वेटोळी काढावी लागतात (पहा : डीएसएल).