दप्तराची रुजवात

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतचे कुंभवली हे गाव जागचे हललेले नाही. परंतु सरकारी कागदपत्रांत ते इतक्या वेळा एका बासनातून दुसऱ्या बासनात गेले आहे की, त्याच्याविषयीच्या अगदी साध्या विचारणेलाही, ती कोणत्या काळच्या दप्तरास केली यावर, निरनिराळे उत्तर मिळते. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ते ठाणे जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा अस्तित्वात आला तेव्हापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आणि आजच्या पालघर तालुक्याच्या टापूतील जुने महसुली कागद पाहू गेल्यास ते माहीम तालुक्याच्या नावाने लागतात, कारण तालुक्याचे ठाणे पूर्वी केळवे-माहीमास होते. त्याही मागे गेले तर हा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या वसई प्रांतात मोडत होता, आणि त्या प्रांताच्या उत्पन्नाची मोजदाद १५५४ साली सिमाव बोतेल्यू या अधिकाऱ्याने रचलेल्या 'तोंबो' नामक महसुली नोंदवहीत करून ठेवलेली आहे. अशा गावातल्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत बसून कोणी २०१० पासून २०२० पर्यंतचा मालाचा हिशेब 'जिल्हा पालघर' एवढ्याच खुणेवर मागविला, तर आरंभीच्या सुमारे साडेचार वर्षांच्या नोंदी त्यातून निखळून पडतील. आणि खेदाची गोष्ट ही की, त्या पडल्या याची कोणतीही वर्दी न देता पडद्यावर नीटनेटका, रेघा आखलेला, बेरजेसह पूर्ण असा तक्ता उभा राहील.

हा प्रश्न आज घरोघरी, म्हणजे कचेरीकचेरीतून, उपस्थित झाला आहे. हिशेबनीस ज्यावर काम करतो तो एक्सेलचा किंवा तत्सम तक्ता एकीकडे असतो, आणि मूळ नोंदींचे भांडार, ज्याला डेटाबेस म्हणतात, दुसरीकडे, पुष्कळदा दुसऱ्याच गावी, असते. या दोहोंमध्ये एक दुवा घातलेला असतो आणि त्याच्याकरवी प्रश्न तिकडे जातो व उत्तर इकडे येते. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली नोंदी परस्परसंबद्ध कोष्टकांत कशा ठेवाव्यात याचे शास्त्र मांडले, आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या सुमारास ओडीबीसी नावाचा सर्वसाधारण दुवा प्रचारात आणला, तेव्हापासून ही सोय सामान्य कारकुनाच्या हाताशी आली. भांडारातील नोंद खरी आणि तक्त्यातील गणितही बिनचूक असूनसुद्धा मधल्या दुव्यात उत्तर बिघडू शकते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. ज्या प्रदेशाने तीन-चार राजवटींची दप्तरे सांभाळली त्याला हा अनुभव नवा नाही, आणि त्यावरचा उपायही आपल्या जुन्या कारकुनांनी फार श्रमाने शोधून काढला होता, असे मला वाटते. तो उपाय आपण गमावीत आहो, म्हणून हा लेखनप्रपंच.

नुसते वर्षाचेच पाहा. मराठेशाहीच्या कागदांवर सुहूर सन असे आणि तो सूर्य मृग नक्षत्रात गेला की पालटे. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदले, राज्याभिषेक शक ज्येष्ठात. म्हणजे एकाच पावसाळ्यातील दोन पत्रे निरनिराळ्या सालांची दिसावीत हे ओघानेच आले, आणि म्हणूनच जाणता चिटणीस सुहूर सनाबरोबर चंद्र आणि साल हेही नमूद करी, जेणेकरून वाचणाऱ्याने एकाचा दुसऱ्याशी मेळ घालावा. आजही हा घोळ संपलेला नाही: महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आर्थिक वर्ष १ एप्रिलला, आणि यंत्रातील पंचांग १ जानेवारीला. 'गेल्या वर्षाची आकारणी' असे विचारणाऱ्याला तिन्ही उत्तरे प्रामाणिकपणे देता येतील आणि तिन्ही वेगळी असतील.

परंतु उत्तर कसे फसते याचे सर्वांत शोचनीय उदाहरण इंग्रजी अमलाच्या पहिल्या पिढीतच पुणे जिल्ह्यात घडले. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने तत्कालीन अर्थशास्त्राच्या प्रकाशात जमीनमहसूल ठरविण्याचा घाट घातला: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ इतका सारा बसवावा. सिद्धान्त तर्कशुद्ध होता आणि आकडेमोड विलक्षण सूक्ष्म होती. पण ज्या मोजणीवर व प्रतवारीवर ती उभी होती त्या मोजणीत चुका होत्या, हाताखालच्या नोकरवर्गात लाचलुचपत होती, आणि शेतापासून साहेबाच्या मेजापर्यंत येणाऱ्या आकड्याला वाटेत कोणी अडवून विचारणारा नव्हता. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली आणि थोड्याच वर्षांत इंदापुराकडील रयत जमिनी टाकून परागंदा होऊ लागली. मेजावरचा तक्ता निर्दोष दिसत होता. शिवारे ओस पडली होती. पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले तेव्हा त्यांनी सिद्धान्ताचा अवजडपणा कमी केला आणि तपासणीचा भार वाढविला. मोजणीदाराने मोजलेली काही शेते वरच्या अधिकाऱ्याने स्वतः पुन्हा मोजून ताडून पाहावीत, हा त्या पद्धतीचा कणा होता. मुंबई इलाख्यातील पुढची सर्व पाहणी त्याच वाटेने गेली.

यातूनच आपल्या महसूल खात्याची ती शिस्त दृढ झाली, जिला दप्तरी भाषेत रुजवात म्हणतात. कचेरीतून मिळालेली एखादी जुनी नक्कल हाती घेऊन तिच्या तळाशी पाहावे. अर्ज कोणत्या तारखेस आला, नक्कल कोणत्या तारखेस तयार झाली, कोणत्या तारखेस दिली, हे तेथे असते. आणि त्याखाली नक्कल करणाराची सही वेगळी व रुजवात घेणाराची सही वेगळी असते. एकाने मूळ मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ते पडताळावे, आणि दोघांनीही आपले नाव त्या कागदाखाली अडकवून घ्यावे, अशी ही रीत होती. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली, गाव नमुना सहामध्ये फेरफार आणि सातमध्ये अधिकार अभिलेख लिहिले जाऊ लागले, तेव्हाही तीच दृष्टी कायम राहिली. तलाठ्याने नोंद धरली म्हणजे ती खरी झाली असे नाही. तिची नक्कल चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, तक्रार आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि मग वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. इतके सोपस्कार झाल्यावरही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ एवढेच म्हणते की, ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत खरी असल्याचे गृहीत धरावे. कायद्याने आपल्याच दप्तराविषयी ठेवलेला हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

सातबारा यंत्रात गेला तेव्हा या शिस्तीची कसोटी लागली. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील जे आठ जिल्हे प्रयोगादाखल निवडले त्यांत वर्धा होता. पुढे राज्यभर काम पसरले आणि हस्तलिखित सातबारा व संगणकीकृत सातबारा यांत तफावती दिसू लागल्या, कुठे क्षेत्र चुकले, कुठे खातेदाराचे नाव गळले, कुठे इतर हक्कातील बोजा राहून गेला. त्यावर 'एडिट' आणि मग 'री-एडिट' अशा दुरुस्तीच्या फेऱ्या झाल्या, लेखनप्रमादासाठी कलम १५५ चे आदेश निघाले, आणि २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. यंत्रातून काढलेला उतारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचा व ज्याची जमीन त्याच्या तोंडून होकार किंवा हरकत घ्यायची, ही ती जुनी रुजवातच होती. त्यानंतर, १ मे २०१८ रोजी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. हा क्रम योग्य होता. आधी पडताळणी झाली आणि सही मागाहून आली.

खासगी कचेऱ्यांत मात्र असा क्रम क्वचितच पाळला जातो. कुंभवलीच्या परिसरातील शेतांचे भूखंड झाले, तरी जुन्या जमिनीचा संदर्भ भूमापन क्रमांक आणि हिस्सा यांनीच द्यावा लागतो. समजा, तसा एक क्रमांक आहे १२/१. तो एक्सेलच्या घरात लिहिताच, भारतीय मांडणी असलेल्या यंत्रावर, ती १२ जानेवारी ही तारीख होते. दिसायला एवढेच, पण आत साठविला जातो तो दिवसांचा आकडा, आणि २०२४ साली लिहिले असेल तर तो ४५३०३ असतो. तोच हिस्सा दुसऱ्या कारकुनाने २०२५ साली दुसऱ्या तक्त्यात लिहिला तर आतला आकडा ४५६६९ होतो. पडद्यावर दोन्हीकडे एकच '१२-जाने' दिसते, आणि दोन तक्ते जुळवायला सांगितले तर यंत्र शांतपणे सांगते की, अशी जमीन दुसऱ्या तक्त्यात नाही. शेजारचा ५७/३/अ हा हिस्सा मात्र तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो अक्षररूपच राहतो. आता हा संमिश्र स्तंभ दुव्यामार्फत वाचायचा झाला की एक्सेलचा जुना दुवा सामान्यतः पहिल्या आठ ओळी पाहून स्तंभाची जात ठरवितो: बहुसंख्य आकडे असतील तर स्तंभ आकड्यांचा. मग ५७/३/अ ही नोंद त्या जातीत बसत नाही म्हणून तिची जागा कोरी येते. कोणी पुसली नाही, कोणी चुकीची लिहिली नाही, मूळ तक्त्यात ती आजही आहे. केवळ मधल्या मध्यस्थाने आठ ओळींवरून गावाची पारख केली. प्रिंगलच्या मोजणीदारांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की, त्यांच्यावर निदान जाब बसविता येत होता.

आपल्या लिपीनेही या अडचणीत भर घातली आहे, आणि ती मराठी माणसानेच समजून घेण्यासारखी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी सांकेतिक क्रमांकांत साठविला जाई. फाँट बदलला की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे राष्ट्रीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तरी जुन्या फायली वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. आज युनिकोडमध्येही 'गोऱ्हे' या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो: एक खास ऱ या वर्णाने, दुसरा साध्या र ला हलन्त व अदृश्य सांधा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला ती दोन भिन्न माणसे. कुंभवली आणि कुम्भवली यांचेही तेच. गावाच्या नावावर विसंबून विचारणा करणाराला म्हणूनच अर्धे गाव मिळते.

सर्वांत सूक्ष्म दोष कोऱ्या जागेचा आहे. आपल्या सरकारी विवरणपत्रांत एक शब्द मोठ्या विचाराने रूढ झाला आहे, तो म्हणजे 'निरंक'. त्या महिन्यात काही घडले नसेल तर कारकून रकाना मोकळा सोडीत नाही, तो 'निरंक' लिहितो. म्हणजे पाहिले, विचारले, आणि काही नाही. रकाना मोकळा असेल तर त्याचा अर्थ एकच, की माहिती आलेली नाही, स्मरणपत्र पाठवा. कॉडच्या शास्त्रातही कोऱ्या जागेचा अर्थ 'अज्ञात' असाच आहे, शून्य नव्हे. म्हणून गावाचा रकाना कोरा असलेली नोंद 'गाव कुंभवली' या विचारणेतही येत नाही आणि 'कुंभवली सोडून इतर' या विचारणेतही येत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज एकूण नोंदींइतकी भरत नाही. दुव्यापलीकडच्या तक्त्यात मात्र ही कोरी जागा पुष्कळदा शून्य म्हणून बेरजेत शिरते, सरासरीतून मात्र वगळली जाते, आणि अज्ञात व निरंक यांतला तो भेद नाहीसा होतो.

हे दोष किरकोळ कचेऱ्यांपुरतेच आहेत असे कोणी समजू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत करोनाबाधितांची यादी जुन्या एक्सेल नमुन्याच्या फायलीतून पुढे जात होती. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला विलंब झाला. प्रयोगशाळांनी तपासणी करून निकाल पाठविले होते. ओळी मोजून घेणारा कोणी मध्ये उभा नव्हता.

जुना हिशेबनीस गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहिल्याशिवाय वही मिटीत नसे. विचारणेचाही तसा ताळा घेता येतो, आणि तो घ्यायला एखाद्या दुपारपेक्षा अधिक वेळ लागत नाही: भांडारात किती ओळी होत्या व तक्त्यात किती उतरल्या हे आधी मोजावे, 'आहे', 'नाही' आणि 'कोरे' या तिघांची बेरीज एकूणाशी लावावी, क्षेत्राची किंवा रकमेची बेरीज दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे काढावी, आणि थोड्या नोंदी मूळ कागदावर बोट ठेवून वाचाव्यात. क्रमांकाचे स्तंभ आरंभीच अक्षररूप ठरवून द्यावेत, म्हणजे १२/१ चा जानेवारी होणार नाही. गाव नावाने न ओळखता संकेतांकाने ओळखावे. २०२० पासून नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी त्याचा संकेतांक छापला जाऊ लागला, तो घेऊन कुंभवलीच्या कचेऱ्यांनी आपल्या जुन्या फायली एकदा दुरुस्त कराव्यात, आणि १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या नोंदींपुढे जिल्ह्याचा नवा संकेत स्वतंत्र स्तंभात लिहून जुना तसाच राहू द्यावा. तक्त्याच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात: विचारणा कोणी व कोणत्या वेळी केली ही एक, आणि रुजवात कोणी घेतली ही दुसरी.