फावडं थांबवण्याचा नियम

१८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातूचा सुगावा लावणारं यंत्र आणलं. गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला आणि १९४२ मध्ये तो एल अलामेनच्या वाळवंटात कामी आला. युद्ध संपलं आणि यंत्र हौशी लोकांच्या हाती गेलं. सत्तरच्या दशकात तर इंग्लंडच्या शेताशेतांतून ते फिरू लागलं.

पुरातत्त्वज्ञ धास्तावले, आणि ते रास्तच होतं. नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं हे एकदा पुसलं गेलं की हाती उरतो तो नुसता धातू. सरे परगण्यातल्या वॉनबरोचं रोमनकालीन देवस्थान १९८० च्या दशकात यंत्रं घेऊन आलेल्या टोळ्यांनी उकरलं आणि हजारो नाणी बाजारात गेली. तेव्हाच्या कायद्यात अशा सोन्याचांदीवर सरकारला हक्क सांगायचा, तर पुरणाऱ्याचा ते परत काढून न्यायचा इरादा होता हे दाखवावं लागे. देवाला वाहिलेलं कोण परत नेणार? सरेच्या पुरातत्त्व मंडळींनी कायदा बदलण्याचा ध्यास घेतला. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट ही त्याचीच परिणती.

पण कायद्याआधीच एका माणसाने फावडं थांबवण्याचा नियम आचरून दाखवला होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र वाजलं. चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी वर येऊ लागली. त्यांनी खणणं थांबवलं आणि पोलिसांना व जमिनीच्या मालकांना, म्हणजे सफोक काउंटी कौन्सिलला, कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. म्हणूनच आज सांगता येतं की सुमारे १५ हजार नाण्यांचा हा ऐवज एका लाकडी पेटीत होता, आतल्या छोट्या डब्यांना चांदीची कुलुपं होती आणि वस्तू वाळल्या गवतात नीट बसवल्या होत्या. लॉजनी आणखी तासभर खणलं असतं, तर पेटीचा मागमूस राहिला नसता. मला तो संयम त्या सोन्याहून मोलाचा वाटतो. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

२००६ मध्ये पुरातत्त्व संस्था आणि हौशी शोधकांच्या संघटना यांनी मिळून आचारसंहिता मान्य केली: आधी जमीनमालकाची परवानगी, शक्यतो नांगरटीच्या थरापुरतंच खणणं, सापडल्या जागेची अचूक नोंद आणि काही खोलवर किंवा अखंड लागलं तर हात आवरून जाणकाराला बोलावणं.

आपल्याकडे दायमाबादला १९७४ साली यंत्राविनाच, झुडपाचं मूळ खणताना, शेतकऱ्याच्या हाती रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार भरीव मूर्ती लागल्या. त्या नेमक्या कोणत्या थरातल्या, याची नोंद झाली नाही. त्यांच्या काळाचा वाद अजून मिटलेला नाही.